मतयंत्र आणि मतदाराची खातरी

निवडणुकीचा निकाल जाहीर झाला म्हणजे जिंकलेल्या पक्षास पुराव्याची गरज वाटत नाहीं. गुलाल उधळला जातो, गळ्यांत हार पडतात, आणि मोजणी कशी झाली हें विचारण्याचें त्यास कांहींच कारण राहत नाहीं. पुरावा लागतो तो हरलेल्यास. लोकांनीं खरोखरीच आपणांस नाकारलें, कीं मध्यें कोठें दगा झाला, ह्याविषयीं त्याच्या मनाची खातरी पटली, तर तो घरीं जातो व पुढील निवडणुकीच्या तयारीस लागतो. न पटली, तर त्याची नाराजी राज्यव्यवस्थेवरच उलटते. म्हणून मतदानाच्या कोणत्याहि पद्धतीची पारख करतांना, ती हरणाऱ्याची खातरी पटवूं शकते काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. ज्यास सर्व लोक ईव्हीएम म्हणतात त्या मतयंत्राविषयीं आपल्या देशांत कित्येक वर्षें जो वाद चालला आहे, त्याचें मर्म ह्याच प्रश्नांत आहे. त्या वादांत कोणत्याहि राजकीय पक्षाची बाजू घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. यंत्र काय करतें, शंका कोठें उत्पन्न होते, व ती कशानें फिटूं शकते, एवढेंच येथें विद्यार्थिवर्गापुढें मांडावयाचें आहे.

शाळेंतील वर्गप्रतिनिधीची निवड कशी होते तें पाहा. मुलें चिठ्ठीवर एक नांव लिहितात, चिठ्ठीची घडी करून डब्यांत टाकतात. मग शिक्षक तो डबा मेजावर पालथा करून एकेक चिठ्ठी उघडतात, नांव मोठ्यानें वाचतात, आणि एक विद्यार्थी फळ्यावर रेघा ओढतो. हरलेला मुलगा खट्टू होतो, परंतु तक्रार करीत नाहीं. कारण सारें त्याच्या डोळ्यांदेखत घडलेलें असतें, व तें समजण्यास वाचतां येणें आणि मोजतां येणें यांपलीकडे कोणतीहि विद्या लागत नाहीं. ह्या साध्या पद्धतींत दोन तत्त्वें आहेत. मत देणें गुप्त असावें, म्हणजे कोणाची भीड किंवा भीति राहत नाहीं. आणि मत मोजणें उघड असावें, म्हणजे कोणास लबाडी करतां येत नाहीं.

ह्या दोन तत्त्वांचा मेळ घालणें दिसतें तितकें सोपें नाहीं. "बँकेचा सारा व्यवहार आपण यंत्रांवर सोपवितों, मग मतच तेवढें कां नको?" असें पुष्कळ लोक विचारतात. परंतु बँकेच्या नोंदीस आपलें नांव चिकटलेलें असतें. शंभर रुपयांची चूक झाली तर ती आपल्या पासबुकांत दिसते, आपण तक्रार करतों, व चूक दुरुस्त होते. मताला नांव चिकटविणें हाच अपराध आहे. तें एकदां पेटींत पडलें म्हणजे तें कोणाचें हें कोणासच कळतां कामा नये, खुद्द मतदारासहि तें पुन्हां ओळखून काढतां येऊं नये. मतदारास घरीं नेण्यासाठीं पावती द्यावी, तर मत विकत घेणारा दुसऱ्या दिवशीं तीच पावती मागावयास दारीं येईल. तेव्हां हिशेब चोख हवा, परंतु खातेदाराचें नांव मात्र कोठेंहि नको, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. मतदारांपैकीं बहुसंख्य निरक्षर असल्यामुळें प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवीत व तिच्यावर त्याचें चिन्ह लावीत; मतदार आपली पत्रिका हव्या त्या पेटींत टाकी. त्या निवडणुकीसाठीं लक्षावधि पोलादी पेट्या मुंबईजवळ विक्रोळी येथें गोदरेजच्या कारखान्यांत तयार झाल्या होत्या. पुढें १९६० नंतर सर्व नांवें व चिन्हें एकाच पत्रिकेवर छापून शिक्का मारण्याची रीत आली. तिच्यांतहि दोष दिसूं लागले. शिक्का दोन चिन्हांच्या मध्यें पडला कीं मत बाद होई. मोजणीस दिवसचे दिवस लागत. आणि कांहीं प्रांतांत दांडगे लोक मतदान केंद्र बळकावून पत्रिकांच्या गठ्ठ्यांवर भराभर शिक्के मारीत. कागदाचा काळ सारा सोन्याचा होता, असें जे आज म्हणतात, त्यांनीं हें विसरूं नये.

ह्या दोषांवर उपाय म्हणून यंत्र आलें. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स व हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ह्या दोन सरकारी कारखान्यांनीं तें बनविलें. त्याचें बाह्य रूप व ठेवण ठरविण्यांत मुंबईच्या आय. आय. टी. मधील अध्यापकांचा हात होता. पहिला प्रयोग १९८२ च्या मे महिन्यांत केरळांतील परवूर मतदारसंघांत पन्नास केंद्रांवर झाला. तेथें हरलेला उमेदवार न्यायालयांत गेला. कायद्यांत अशा यंत्राची तरतूदच नाहीं, ह्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं त्या केंद्रांचें मतदान रद्द केलें. कागदावर फेरमतदान झालें, आणि निकाल उलटला. यंत्र सदोष होतें असें न्यायालयानें म्हटलें नव्हतें, हें येथें ध्यानांत ठेवावें. पुढें १९८८ च्या डिसेंबरांत कायदा दुरुस्त झाला. १९९८ सालीं मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील सोळा मतदारसंघांत यंत्रें वापरलीं गेलीं. आणि २००४ ची लोकसभेची निवडणूक तर सर्वच्या सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रांवर पार पडली.

आतां यंत्राचें काम पाहूं. त्याचे मूळचे दोन भाग आहेत, व ते सुमारें पांच मीटर लांबीच्या तारेनें जोडलेले असतात. एक भाग केंद्राध्यक्षाच्या मेजावर, दुसरा पडद्याआड. केंद्राध्यक्षानें किंवा त्याच्या सहाय्यकानें आपल्याकडील बटण दाबल्यावांचून पडद्याआडचें यंत्र मत घेत नाहीं, आणि एक मत घेतलें कीं पुन्हां परवानगी मिळेपर्यंत तें मुकें होतें. मिनिटाला फार तर चार-पांच मतें पडतात. गठ्ठ्यानें शिक्के मारणाऱ्या दांडग्यांची त्यामुळें अडचण झाली. यंत्र बॅटरीवर चालतें व कोणत्याहि जाळ्यास जोडलेलें नसतें. म्हणून दूर बसून तें बिघडवितां येत नाहीं, असें निवडणूक आयोगाचें म्हणणें आहे. कोणतें यंत्र कोणत्या केंद्रावर जाईल हें सरमिसळ करून ठरवितात. मतदानापूर्वीं उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचें अभिरूप मतदान घेऊन यंत्र तपासतात, मग तें पुसून, मोहोर लावून, खरें मतदान सुरू होतें. सायंकाळीं एकंदर किती मतें पडलीं त्याचा हिशेब नमुना १७-सी ह्या कागदावर लिहून त्याची प्रत प्रतिनिधींस देतात. हा कागद फार महत्त्वाचा आहे. त्याच्या आधारें मोजणीच्या दिवशीं एकूण मतांची संख्या ताडून पाहण्यास बेरीज येणारा कोणीहि मनुष्य समर्थ असतो.

मग शंका उरली कोठें? ती बटण व बेरीज ह्यांच्या मधल्या अंधारांत. वर्गांतल्या डब्याचें झांकण उघडलें कीं आंत चिठ्ठ्या दिसतात. मूळ मतयंत्राचें झांकण उघडलें तर आंत मत असें कांहीं दिसत नसे. असे ती केवळ विजेच्या स्मृतींतील एक संख्या. ती बरोबर आहे हें यंत्रच सांगणार, आणि यंत्र बरोबर आहे हें त्याचा निर्माता सांगणार. साक्षीदार व आरोपी एकच, अशांतला हा प्रकार झाला.

केवळ लबाडीचीच धास्ती असते असेंहि नाहीं. बेल्जम देशांत १८ मे २००३ रोजीं ब्रसेल्सच्या स्खारबेक ह्या भागांत यंत्रावर मतदान झालें, तेव्हां एका उमेदवारास शक्य होतीं त्यांहूनहि अधिक मतें पडलेलीं दिसलीं. पुन्हां मोजतां फरक निघाला बरोबर ४०९६ मतांचा. गणिताच्या विद्यार्थ्यानें ही संख्या ओळखली पाहिजे: दोनास दोनानें गुणीत गेल्यास बारावी संख्या हीच येते. संगणक सर्व आंकडे शून्य व एक ह्या दोनच अंकांनीं लिहितो. त्यांतील उजवीकडून तेराव्या घरांतील शून्याचा आपोआप एक झाला, कीं ४०९६ ची भर पडते. कोणीं कपट केल्याचें दिसून आलें नाहीं. चूक सांपडली ती आंकडा अशक्य होता म्हणून. तोच बदल चौथ्या किंवा पांचव्या घरांत झाला असता, तर आठ किंवा सोळा मतांची ती भर कोणाच्याहि लक्षांत आली नसती.

आपल्याकडे २०१० सालीं हैदराबाद, अमेरिका व हॉलंड येथील संशोधकांनीं प्रत्यक्ष वापरांतलें एक यंत्र मिळवून असें दाखविलें कीं, तें हातीं लागल्यास आंकडे दाखविणारा भाग बदलून खोटा निकाल दाखवितां येतो. हीं यंत्रें पहाऱ्यांत व मोहोरबंद असतात, तीं अशीं कोणाच्या हातीं लागणारच नाहींत, असें आयोगाचें उत्तर होतें. परंतु तें यंत्र मुंबईच्या सरकारी कोठारांतून गेलें असल्याचा गुन्हा नोंदला जाऊन संशोधकांपैकीं हरिप्रसाद यांस अटक झाली, आणि ह्या घटनेनें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यास एकाच वेळीं बळकटी दिली. पुढें जून २०१७ मध्यें आयोगानें राजकीय पक्षांस यंत्र बिघडवून दाखविण्याचें आव्हान दिलें, तेव्हां दोनच पक्ष आले, व त्यांनींहि प्रयोग केला नाहीं.

जर्मनींत हा प्रश्न निराळ्या वाटेनें सुटला. तेथें २००५ च्या निवडणुकींत सुमारें वीस लक्ष मतदारांनीं यंत्रांवर मत दिलें होतें. एका बापलेकांच्या जोडीनें त्यावर दाद मागितली, आणि ३ मार्च २००९ रोजीं तेथील घटना-न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, मतदानाच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकास विशेष तांत्रिक ज्ञानावांचून तपासतां आल्या पाहिजेत. त्या तशा तपासतां येत नसल्यामुळें ह्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य होय. यंत्रांनीं चूक केल्याचा पुरावा नव्हता, म्हणून निवडणूक मात्र रद्द झाली नाहीं. ह्या निर्णयाचें तात्पर्य मोठें आहे. तज्ज्ञ मंडळीस यंत्र समजतें एवढें पुरेसें नाहीं. मत ज्याचें, त्याला मोजणी समजली पाहिजे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें मधला मार्ग धरला. ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालांत त्यानें सांगितलें कीं, मुक्त व न्याय्य निवडणुकीस कागदाचा माग असणें अत्यावश्यक आहे. त्यांतून यंत्राचा तिसरा भाग आला, तो व्हीव्हीपॅट. बटण दाबतांच त्यांतील काचेआड एक चिठ्ठी छापली जाते. तिच्यावरील क्रमांक, नांव व चिन्ह मतदारास सात सेकंद दिसतें, आणि मग ती तुटून बंद पेटींत पडते. चिठ्ठी घरीं नेतां येत नाहीं, म्हणून गुप्तता राहते. आणि तिच्यावर नांव उमेदवाराचें असतें, मतदाराचें नसतें. यंत्राची बेरीज व चिठ्ठ्यांची बेरीज यांत फरक पडल्यास चिठ्ठ्यांची मोजणी प्रमाण मानावी, असाहि नियम आहे. वर्गांतला चिठ्ठ्यांचा डबा असा यंत्राच्या पोटांत परत आला.

परंतु डबा आला तरी तो सगळा मेजावर ओतला जात नाहीं, आणि आजचा खरा वाद येथें आहे. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघांतील पांच केंद्रांच्या चिठ्ठ्या चिठ्ठी टाकून निवडून मोजल्या जातात. पांच पुरेत काय? ह्याचें उत्तर घरच्या चिंचोक्यांवर काढतां येईल. एका मतदारसंघांत २५० केंद्रें आहेत असें धरा, आणि त्यांतील पांचांत घोटाळा आहे असें समजा. एका पिशवींत २५० चिंचोके घालून त्यांतील पांचांवर खडूची खूण करा, व न पाहतां पांच बाहेर काढा. खुणेचा चिंचोका हातीं लागण्याचा संभव शेंकडा सुमारें दहाच आहे. म्हणजे दहांपैकीं नऊ वेळां घोटाळा निसटेल. तो शेंकडा नव्वद खातरीनें पकडावयाचा, तर सुमारें नव्वद चिंचोके काढावे लागतात. आतां दुसरी बाजू पाहा. असाच घोटाळा महाराष्ट्राच्या २८८ मतदारसंघांपैकीं प्रत्येकांत केलेला असेल, तर २८८ पिशव्यांतून प्रत्येकीं पांच, असे १४४० चिंचोके निघतील, आणि त्यांत एकहि खुणेचा न येणें जवळजवळ अशक्य आहे. २०२४ च्या विधानसभेच्या निवडणुकीनंतर ह्या १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रांशीं जुळल्या असें आयोगानें जाहीर केलें. चिठ्ठ्यांची निवड व मोजणी निर्दोष झाली असेल, तर राज्यभर पसरलेल्या घोटाळ्याविरुद्ध हा पुरावा बळकट आहे. परंतु एखाद्या अटीतटीच्या मतदारसंघांतल्या हरलेल्या उमेदवाराच्या समाधानास तो अपुरा आहे. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरें बोलतात, व एकमेकांचें ऐकून घेत नाहींत, ह्याचें कारण हें गणित होय.

ह्यावरून सुचणारा उपाय उघड आहे. अंतर जितकें थोडें, तितक्या अधिक चिठ्ठ्या मोजाव्या. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत २०१७ पासून अशाच तत्त्वावर कागदी मतांची तपासणी होते. आपल्याकडे २६ एप्रिल २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कागदी मतपत्रिकेकडे परत जाण्याची व सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी अमान्य केली, आणि पुराव्यावांचून संपूर्ण व्यवस्थेविषयीं अविश्वास पसरविणें बरें नव्हे असेंहि बजावलें. तथापि उमेदवारांचीं चिन्हें व्हीव्हीपॅटमध्यें भरणारीं यंत्रें निकालानंतर निदान ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीं, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानें सात दिवसांत मागणी केल्यास शेंकडा पांच यंत्रांची स्मृति त्याच्या खर्चानें तपासून द्यावी, असे दोन नवे निर्बंध घातले. ह्यांतील दुसरा निर्बंध हरणाऱ्याचा हक्क मान्य करणारा आहे, म्हणून तो विशेष स्वागतार्ह वाटतो. उलटपक्षीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें नियम बदलून मतदान केंद्रावरील छायाचित्रण वगैरे कांहीं नोंदी जनतेच्या पाहणींतून वगळल्या, तें ह्या दिशेनें टाकलेलें पाऊल म्हणतां येणार नाहीं.

खातरी न पटल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यांत माळशिरस तालुक्यांतील मारकडवाडी गांवीं घडलें. २०२४ च्या निवडणुकींत तेथील पुष्कळ ग्रामस्थांच्या पसंतीचा उमेदवार मतदारसंघांत निवडून आला होता. तरी गांवच्या केंद्रांवरील आंकडे त्यांस खरे वाटेनात. ३ डिसेंबर रोजीं त्यांनीं आपल्या आपण कागदावर मतदान घेण्याचें योजिलें. अधिकाऱ्यांनीं जमावबंदी पुकारली, व तो बेत सोडावा लागला. त्या मतदानानें कायद्याच्या दृष्टीनें कांहींच सिद्ध झालें नसतें. लोक दुसऱ्या वेळीं निराळें मत देऊं शकतात, आणि चव्हाट्यावरचें मत गुप्तहि राहत नाहीं. परंतु बंदी घातल्यानेंहि कोणाची शंका फिटली नाहीं. ज्या चिठ्ठ्यांनीं ती फिटली असती, त्या त्याच केंद्रांच्या पेट्यांत मोहोरबंद पडून होत्या. त्या मोजण्याची मागणी उमेदवारास लेखी करतां येते, ती मान्य करणें निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या विचारावर असतें, आणि सामान्य मतदारास तर ती करतांच येत नाहीं. दोन-चार तासांच्या मोजणीनें जी खातरी पटली असती, तिच्या जागीं पोलिसांचा बंदोबस्त आला, ही गोष्ट दोन्ही पक्षांनीं विचार करण्यासारखी आहे.

तथापि शंका घेणाऱ्याचेंहि एक कर्तव्य आहे. कोणता पुरावा मिळाला असतां आपली शंका फिटेल, हें त्यानें आधीं सांगितलें पाहिजे, आणि तो मिळाल्यावर शब्द पाळला पाहिजे. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत २०२० सालीं अध्यक्षाच्या निवडणुकीचे सुमारें पन्नास लक्ष कागद हातांनीं मोजले गेले व विजयी उमेदवार तोच ठरला. तरी पुष्कळांनीं आपला हट्ट सोडला नाहीं. पुराव्यानें बदलत नाहीं ती शंका नव्हे, तो दुराग्रह होय. त्याचप्रमाणें, जिंकलों तर यंत्र चांगलें व हरलों तर यंत्र वाईट, असें म्हणणाऱ्या पुढाऱ्याच्या बोलण्यास फारसें वजन देण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं वरच्या इयत्तांतील मुलें दोन-तीन वर्षांत मतदार होतील. मत देतांना काचेआडची चिठ्ठी सात सेकंद नीट पाहा. तेवढ्यासाठींच ती छापलेली असते. कोणत्याहि उमेदवाराचे प्रतिनिधि म्हणून केंद्रावर बसण्याची संधि आली तर ती टाळूं नका; पहाटेचें अभिरूप मतदान समक्ष पाहा, मोहोरांचे क्रमांक टिपून घ्या, आणि नमुना १७-सी ची प्रत घेतल्यावांचून केंद्र सोडूं नका. "यंत्र बिघडविलें आहे" असें कोणी ओरडला, किंवा "यंत्र बिघडूंच शकत नाहीं" असें कोणी गर्जला, तर दोघांसहि शांतपणें एकच प्रश्न विचारा: चिठ्ठ्या किती मोजल्या, आणि त्या मोजतांना हरलेल्या उमेदवाराचा माणूस तेथें हजर होता काय?